मोठ्या अक्षरांतला प्रश्न

जुन्या जालन्यात माहेर असलेल्या एका ताईंनी मला हात दिला, म्हणून मी या धंद्यात टिकलो. हे आधी लिहून ठेवतो, कारण घडलेलं सांगता सांगता माणूस आपलीच हुशारी सांगायला लागतो. त्यांना मी कधी बघितलं नाही. त्यांचं नावही मला ठाऊक नाही. मेलखाली त्या फक्त दोन इंग्रजी अक्षरं लिहायच्या.

मी मंठ्याकडचा. नववीत शाळा सुटली आणि चुलत्यांच्या ओळखीनं जालन्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो. लग्नपत्रिका, बायोडाटा, नोकरीचे फॉर्म हेच काम. वेबसाइटचं वारं तेव्हा नुकतंच आल्तं. मालकांनी एका बियाण्याच्या ठोक व्यापाऱ्याचं काम घेतलं. गावोगावच्या दुकानदारांनी पेरणीआधी आपली मागणी इंटरनेटवरून कळवायची, असं ते काम. मालकांना ते येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, पण मला तसं म्हणायची सोय नव्हती.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला एक फुकटचं टूल सापडलं. परदेशातल्या काही जणांनी मिळून बनवलेलं. थोडा कोड लिहिला की पान तयार व्हायचं, पानावरचा फॉर्म भरला की माहिती साठायची. त्याची माहितीपुस्तिका इंग्रजीत होती आणि ज्याला सगळं आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली होती. पुढं बरीच टूलं वापरली. बहुतेकांचं हेच दुखणं. पण ते टूल मला आवडायचं. चूक झाली की ते निदान कुठल्या ओळीत झाली एवढं तरी सांगायचं. माणसं तेवढंही सांगत नाहीत.

काम सुरू झालं आणि आठवड्यातच आष्टीच्या दुकानदाराचा फोन आला. त्याची एकच मागणी चारदा नोंदली गेली होती.

"मालक, तुमचं मशीन तोतरं हाय का? मी एकदाच बोललो, त्यानं चारदा सांगितलं."

मला कारण कळलं. फोनच्या तारेवरचं इंटरनेट इतकं मंद, की बटण दाबलं तरी पान हलायचं नाही. मग माणूस पुन्हा दाबायचा, पुन्हा दाबायचा. परदेशात टूल बनवणाऱ्यांनी असा माणूस डोळ्यांसमोर धरलाच नव्हता. कारण कळलं, उपाय कळेना.

मालक म्हणाले, "सोमवारपर्यंत बराबर कर. न्हाईतर मंठ्याची गाडी पकड."

ते रागावले नव्हते, म्हणून जास्त भीती वाटली. गावी परतून काय करणार होतो? शाळा सोडलेला, आता दुकानही सोडलेला.

त्या टूलची एक मेलिंग लिस्ट होती. एका पत्त्यावर मेल टाकला की जगभरच्या सगळ्या वापरणाऱ्यांना जायचा. मी प्रश्न लिहिला. आयुष्यात इंग्रजी लिहिलं होतं ते फॉर्मांवरच, आणि प्रत्येक फॉर्मवर वर छापलेलं असतं की सगळं मोठ्या अक्षरांत भरावं. मला वाटलं, अदबीनं लिहायची हीच रीत. म्हणून अख्खा मेल मोठ्या अक्षरांत. सुरुवातीला 'रिस्पेक्टेड सर', शेवटी पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट, तालुका मंठा, जिल्हा जालना.

उत्तरं आली. एकानं लिहिलं, ओरडू नका. दुसऱ्यानं विचारलं, हा नोकरीचा अर्ज आहे का. तिसरा म्हणाला, आधी पुस्तिका वाचा. मी कुणावर ओरडलो होतो तेच मला समजेना. पुस्तिका तर मी डिक्शनरी घेऊन वाचून राह्यलो होतो.

मग एक मेल फक्त मला आला. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी.

"जालन्यातून लिहून राह्यलास का? माझं माहेर जुना जालना. आधी ती मोठी अक्षरं बंद कर, इथं त्याला ओरडणं म्हणतात."

मी लिहिलं, "सर, फॉर्मवर तसंच लिहिलेलं असतं."

"हा फॉर्म न्हाई. अन् मी सर न्हाई, ताई म्हण. आता शांतपणे सांग, बटण दाबल्यावर काय होतं?"

त्यांनी उपाय सांगितला. प्रत्येक फॉर्मला पान उघडतानाच एक खुणेचा आकडा द्यायचा. तोच आकडा पुन्हा आला तर नोंद करायची नाही. टूलमध्ये ती सोय होती, पुस्तिकेत नव्हती. सोमवारी आष्टीच्या दुकानदारानं मुद्दाम चारदा बटण दाबून बघितलं आणि मालकांना फोन केला, "तोतरेपण गेलं बरं का." मालकांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

पुढची काही वर्षं मी त्या टूलवर जगलो. अडलं की ताईंना विचारायचो. त्या टोमणे मारायच्या, पण उत्तर द्यायच्या. मग एका मोठ्या कंपनीनं ते टूल विकत घेतलं आणि थोड्याच महिन्यांत बंद केलं. लिस्टवर फार रडारड झाली. पुस्तिका वाचा म्हणणारे सगळ्यांत आधी निघून गेले. ताई शेवटपर्यंत कुणाकुणाला उत्तरं देत होत्या. मला लिहिलं, "मीपण दुसरं शिकून राह्यले. तूही बघ, थांबू नको." नंतर लिस्ट बंद पडली, तिथले जुने मेल गेले. मला आलेली त्यांची उत्तरं दुकानाच्या कॉम्प्युटरवर होती, तो बिघडला तेव्हा तीही गेली. त्यांचा मेलचा पत्ता ऑफिसचा होता. पुढच्या वेळी माझा मेल परत आला.

नवं नवं शिकत, नोकऱ्या बदलत आता मी बेंगळुरात आहे. इथं ज्यांच्याबरोबर काम करतो ते सगळे इंजिनिअर. दर वर्षी नवं टूल येतं, त्याचे नवे भक्त येतात, जुन्याला हसतात. मी प्रत्येक वेळी नववीतल्या पोरासारखा मागच्या बाकावरून सुरू करतो. वय वाढून राह्यलंय, डोकं तेवढं चालत नाही. सोमवार आला की अजून मंठ्याची गाडी आठवते. एक दिवस कुणीतरी शांतपणे सांगेल, गाडी पकड. आणि ते चूक नसेल.

परवा एका फोरमवर कुणाचा तरी प्रश्न दिसला. सगळा मोठ्या अक्षरांत, खाली पूर्ण नाव आणि जिल्हा, बिहारमधला. मी उत्तर लिहायला बसलो. लिहून होईपर्यंत फोरम चालवणाऱ्यांनी प्रश्न बंद करून टाकला होता, आता उत्तर टाकता येत नव्हतं. खाली कारण दिलं होतं, हे आधी विचारून झालंय. त्या माणसाला वेगळं लिहायला मेलचा पत्ता नव्हता.

ताई, तुम्ही कुठं आहात मला ठाऊक नाही, आणि हे तुमच्यापर्यंत पोचेल असं वाटत नाही. तरी शब्द देतो. तुमची जेवढी उत्तरं मला आठवतात तेवढी मराठीत लिहून काढीन, वर लिहीन की ही जुन्या जालन्याच्या ताईंची आहेत, आणि एक दिवस तुमचं घर शोधून ती तुमच्या हातात देईन. तोवर नोकरी राहो न राहो.