सुगरणीच्या नावाची परीक्षा

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही तिघे सोलापूरहून मंगळवेढ्यास मुलगी पाहायला गेलो. मुलीने प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले. लग्न ठरले नाही.

तिघे म्हणजे गिरणीतला कारकून विठ्ठल, त्याचे चुलते शामराव मास्तर आणि त्यांचा शेजारी मी. शब्दांची मुळे शोधणे हा मास्तरांचा छंद होता. त्याचा भुर्दंड पुतण्याला पडे. सुगरण पक्ष्याला हे नाव का पडले, असे ते प्रत्येक मुलीला विचारत. तोवर तिघी नापास झाल्या होत्या आणि विठ्ठलचे केस विरळ होऊ लागले होते.

भीमेअलीकडे मोटार चिखलात रुतली. उतारूंनी ती ढकलली. मास्तर कोरड्या जागी उभे राहून 'चिखल' शब्दाची व्युत्पत्ती सांगत होते.

मंगळवेढ्याची काळी राने ज्वारीच्या पेऱ्यासाठी मोकळी पडली होती. मुलीच्या घरी भाकरी, शेंगांची चटणी आणि माडगे (हुलग्याची पातळ पेज) मिळाले. मास्तरांनी माडगे दोनदा मागून घेतले आणि मग मुलीला स्वयंपाक येतो का, अशी चौकशी केली.

मुलगी, चंद्रा, पाटावर येऊन बसली. प्रश्न आला.

"सुगृहिणी, त्याचं झालं सुगरण. शाळेत सांगितलंय की."

"शाबास!" मास्तर खुलले. "घरटं सुबक विणते, म्हणून हा मान."

"ती कुटं विणती? हिरीवरच्या बाभळीला जाऊन बगा की. नर विणतो. मादी येती, आत शिरून बगती. पटलं तर ऱ्हाती, न्हाईतर जाती उडून."

"म्हणजे नाव चुकलं म्हणतेस?"

"नाव लई चांगलं हाय. पारखून घेती, म्हणून सुगरण."

"चंदे, गप," वडील म्हणाले.

चंद्रा गप्प बसली नाही. तिने विठ्ठललाच विचारले, "तुमचं घर कुटं हाय?"

"काकांकडंच असतो मी."

"लगीन झाल्यावर बी?"

विठ्ठलने काकांकडे पाहिले. उत्तर काकांनीच दिले, "अर्थात!"

चंद्रा उठून आत गेली. थोड्या वेळाने वडील बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "पोरीच्या मनात न्हाई, पावणं."

"मुलीच्या मनाला विचारतं कोण?"

"आमी इचारतो की."

परतीच्या वाटेवर मास्तर 'उर्मट' या शब्दाच्या मुळाशी गेले आणि सोलापूर येईपर्यंत वर आले नाहीत. विठ्ठल खिडकीबाहेर पाहत होता.

त्याच महिन्यात विठ्ठलने सात रस्ता चौकाजवळ भाड्याने दोन खोल्या घेतल्या. मंगळवेढ्यास तसे कळवण्यात आले. चंद्राचे वडील पुढच्या बाजारी सोलापुरात आले. सोबत चंद्रा होती. दोघांनी खोल्या आतून पाहिल्या.