आधी कविता, मग तूप

रायगड जिल्ह्यात ज्याने म्हणून गेल्या काही वर्षांत नवी कविता लिहिली, तो माणूस आमच्या साडूंच्या पंगतीला जेवून गेलेला आहे. आणि जो जेवून गेला नसेल त्याच्या कवितेत काहीतरी अळणी राहिलं असणार, असं साडूंचं प्रामाणिक मत आहे. दिवेआगरात त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि वाडीतच पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. लोक येतात समुद्र बघायला आणि उकडीचे मोदक खायला. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक, की पानावर भात पडेल, वरण पडेल, पण तूप पडणार नाही! पूर्वी पंगतीत वाढप पुरं होईपर्यंत कुणीतरी श्लोक म्हणायचं. साडूंनी श्लोकाच्या जागी नवे कवी आणून बसवले. तुपाचं भांडं हातात धरून ते पंगतीच्या टोकाला उभे राहतात आणि जाहीर करतात, "आधी कविता, मग तूप." एका पाहुण्याने घरी गेल्यावर मोबाइलवर अभिप्राय लिहिला, 'जेवण उत्तम, कविता लांब.' साडू तो महिनाभर सगळ्यांना दाखवत होते. म्हणाले, "लांब म्हणाला, साडूबुवा. वाईट नाही म्हणाला!"

हे कवी त्यांना सापडतात कुठे, देव जाणे. माणगावला खत आणायला म्हणून गेले आणि येताना एसटीत शेजारी बसलेल्या, औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुसलमान मुलीला पुढच्या रविवारचं आमंत्रण देऊन आले. ती औषधांच्या पाकिटांवर कविता लिहिते, हे त्यांनी म्हसळा यायच्या आत काढून घेतलं होतं. थळची एक कोळ्याची मुलगी आहे, ती नोकरी सांभाळून कविता करते. उरणकडचा एक ट्रेलरवाला आहे, त्याच्या वाडवडिलांची मिठागरं होती. तो पहिल्यांदा आला तो थेट ट्रेलर घेऊनच, आणि गावातली वाहतूक बराच वेळ कवितेसाठी खोळंबली. त्याने बिचाऱ्याने सुरुवातीलाच 'क्षितिज' म्हटलं. साडूंनी तुपाचं भांडं मागे घेतलं. "क्षितिजावर कोण राहतं तुमचं? घरात भांडता त्या भाषेत म्हणा." ट्रेलरवाला म्हणाला, "दादा, त्या भाषेत म्हटली तर पंगत उठून जाईल!" पण म्हटली त्याने, आणि पंगत उठली तर नाहीच, उलट आतून ताईचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, आवाज आला, "कविता छान आहे हो, पण भाताचे गोळे होताहेत."

आता खरी गोम सांगतो. दुसऱ्याची कविता तूप अडवून काढून घेणाऱ्या या माणसाने स्वतःही एक कविता केली होती. एकच. चक्रीवादळात त्यांची वाडी आडवी झाली तेव्हाची. तिच्यातल्या निम्म्या पोफळी ताईने लग्न होऊन आल्यावर स्वतःच्या हाताने लावलेल्या. त्यामुळे कविता ताईच्या कानावर घालायचा साडूंना धीर होत नव्हता, आणि ताईच्या कानावर न घालता ती म्हणण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. "यंदा म्हणणार, साडूबुवा," असं दर वर्षी मला बाजूला घेऊन सांगायचे आणि ऐन वेळी मीठ वाढायला निघून जायचे. इतक्या वेळा मीठ वाढणारा दुसरा यजमान मी पाहिलेला नाही.

गेल्या थंडीत मात्र ते सापडले. त्या दिवशी कविता थळच्या मुलीची होती. पानं मांडली, भात वाढला, आणि तिचा फोन आला, "काका, गाडी बंद पडलीय. आज न्हाय पोचत मी." पंगतीत ट्रेलरवाला नुसता जेवायला म्हणून बसला होता. तो म्हणाला, "दादा, मग आज तुमचीच होऊन जाऊ द्या. न्हाय तर तूप सोडा." पाहुण्यांनाही तेवढंच हवं होतं. साडूंनी मिठाकडे पाहिलं, तर ते माझ्या बायकोने आधीच वाढून टाकलेलं. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"वाडीत आता ऊन येतं.
पूर्वी विचारून यायचं."

एवढं म्हणून ते थांबले. आम्हाला वाटलं, आठवत असतील. पण ते भांड्यातलं तूप नुसतंच ढवळत राहिले. मला त्यांची फार कणव आली. एवढ्यात ताई आमटीचा डाव हातात घेऊन दारात आली आणि किराणा सांगावा तशा आवाजात तिने पुढचं म्हटलं,

"बायको म्हणते, बरं झालं,
वाळवण लवकर वाळतं."

साडू तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कशी ठाऊक?"

"रोज रोपांना पाणी घालताना पुटपुटता. पाठ झाली." मग तिने डाव खाली ठेवला. "पण मी बरं झालं म्हणाले नव्हते."

"नव्हतीस."

"मी काहीच म्हणाले नव्हते."

"हो," साडू म्हणाले. "तेच लिहायचं होतं गं. जमलं नाही."

ताईने पदराने कपाळ पुसलं आणि ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"जमेल," ती म्हणाली. "पण आता माणसांना जेवू द्या."