पंख्यावरचं नाव

लातूरच्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या मुलांना सूफी पंथ शिकवते. सूफ म्हणजे लोकर. दरबारी रेशमाकडं पाठ फिरवून जाडीभरडी लोकर पांघरणारे फकीर अरबस्तान, इराण करत दख्खनेत कसे आले, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. 'फना' हा शब्द फळ्यावर लिहिला की माझा आवाज आपोआप हळवा होतो. मीपण विसरून त्याच्यात विरून जाणं. मुलं परीक्षेत ते जसंच्या तसं उतरवतात आणि मला वाटतं, शिकवलं बाई आपण.

माझी आई यातलं काहीही न शिकता दर गुरुवारी दर्ग्यात जायची. आमचं गाव लोह्याजवळ, दर्गा गावाबाहेरच्या टेकाडावर. आम्ही लिंगायत, आईच्या गळ्यात लिंग आणि हातात गूळ-चपातीच्या मलिद्याचा डबा, याचं गावात कुणाला नवल नव्हतं. अप्पा तिला मोटारसायकलवरून न्यायचे, पण आत जायचे नाहीत. बाहेरच पेपर वाचत बसायचे.

आई गेली आणि अप्पा दर गुरुवारी एकटे जाऊ लागले, थेट आत. यंदा एप्रिलमध्ये त्यांनी दर्ग्याला पंखा दिला. लोह्याच्या पेंटरकडून एका पात्यावर, आम्ही लिंगायत कैलासवासीऐवजी लिहितो ते 'लिंगैक्य', दुसऱ्यावर आईचं नाव आणि तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ' असं लाल रंगात लिहून घेतलं. पंखा बसवला त्या दिवशी मीही गेले होते. दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती करणाऱ्या मुजावरचाचांनी बटण दाबलं. झकास वारा आला. अप्पा मात्र मान वर करून बघतच राहिले.

"नाव दिसंना की," ते म्हणाले.

कसं दिसणार? उभा जन्म दुकान चालवलेल्या या हिशोबी माणसाच्या डोक्यात पंखा फिरतो एवढंच आलं नव्हतं. मला हसू आलं, आणि त्याहून वाईट म्हणजे शिकवायची खोड आवरली नाही.

"अप्पा, हीच तर फना. नाव विरलं, वारा उरला. आपल्यात लिंगैक्य म्हणतात ते तरी दुसरं काय?"

"झाली असंल ती एक," अप्पा भडकले. "मला दिसंना त्याचं काय? तिचं नाव पुसायला पंखा दिला का मी?"

ते तडक उठून गेले. पुढचे तीन गुरुवार दर्ग्याकडं फिरकले नाहीत. फोनवर भाऊ म्हणाला, धड जेवतही नाहीत. आईपाशी जाऊन बसायची त्यांची तेवढी एकच जागा होती आणि मी माझ्या शहाणपणानं ती घालवली होती. मला स्वतःचा भयंकर राग आला.

मे महिन्यात सुट्टी लागताच गावी गेले. अप्पा घरी नव्हते. "चाचा सोता येऊन घेऊन गेले," वहिनी म्हणाली. भर दुपारी टेकाड चढले. आत दिवा चालू होता, पण पंखा बंद. खाली दोघंच बसलेले. अप्पा वर बघत, ओठ हलवत आईचं नाव वाचत होते. शेजारी ऐंशीच्या घरातले चाचा, दाढीतून घाम टपकतोय.

मी बटणाकडं हात नेला. चाचांनी खुणेनंच थांबवलं.

"राहू दे बेटी. अप्पा बसलेत तवर बंदच ठेवायलो मी."

"अहो, पण तुम्हाला केवढं उकडतंय!"

"मला काय होतंय?"

मला लाज वाटली, आणि त्या म्हाताऱ्याबद्दल माया दाटून आली. मी हात मागं घेतला.

आमच्या बोलण्यानं अप्पांनी मान खाली केली. चाचांची ओली दाढी, अंगाला चिकटलेला सदरा ते बराच वेळ बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. लाल अक्षरं एकमेकांत मिसळून गेली.

"अप्पा, नाव?" चाचा म्हणाले.

"असू द्या." अप्पा परत त्यांच्याजवळ टेकले. "ती भाईर यायची तवा अशीच घामानं भिजलेली असायची. मी आपला सावलीत बसून. आत लई उकडतंय का म्हणून एकदाबी विचारलं न्हाई तिला."