सदतीस घरांची गल्ली

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालून घालून तिचे खांदे संध्याकाळपर्यंत पार गळून जात. घरी वडील. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूच्या झटक्यानं उजवी बाजू गेली आणि बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं. डाव्या हाताला चाळा हवा म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बाबांच्या मोबाइलवर ठोकळे रचण्याचा खेळ टाकून दिला होता. आठ दिवस बाबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एक भिंत उभी राहिली. नंतर दार, जिना, गच्ची. आजवर हातून झालेली घरं ते आठवतील तशी एका गल्लीत ओळीनं बांधत होते. सदतीस झाली होती.

अडचण फोनची होती. जागा संपली म्हणून तो रोज कुरकुर करायचा आणि खेळ मध्येच बंद पडायचा. तिनं मेमरी कार्ड आणून बसवलं आणि भावाला विचारलं. भाऊ राहायला लांब. सल्ला द्यायला मात्र कायम हाताशी. त्यानं सांगितलं तशी तिनं खेळाच्या सेटिंगमध्ये साठवायची जागा बदलून कार्ड केली. खेळ उघडला तर यादी कोरी. गल्लीचा मागमूस नाही.

बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ताट तसंच राहिलं.

खेळ काढून पुन्हा टाक, सगळं येईल, असं भाऊ म्हणाला. तिच्यात विचार करायचंही त्राण उरलं नव्हतं. तिनं बटणाकडे बोट नेलं, तोच बाबांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"थांब."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच ती मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"खेळ काढला नाहीत ना? मग वाचलात. सेटिंगनं फक्त नवं कुठं ठेवायचं ते बदललं. जुनं सामान जुन्याच खोलीत आहे, ते आपल्यालाच उचलून न्यावं लागतं."

खेळ काढला असता तर ती खोलीच गेली असती.

त्यानं फोन कॉम्प्युटरला जोडला. तीन फोल्डर निघाले, नावं सगळी अगम्य. प्रत्येकात एक छोटं चित्र होतं. तिसऱ्यात तिला गच्च्यांची रांग दिसली. कॉपी अर्ध्यावर तुटली, वायर ढिली होती. पुन्हा पहिल्यापासून. कार्डावरची गल्ली उघडून बघितल्याशिवाय जुनं पुसू नका, असं त्यानं बजावलं.

ती कामावर उशिरा पोचली. मुकादमबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

घरी येऊन तिनं फोन बाबांच्या हातात दिला आणि चपला न काढताच खाटेला टेकून बसली. बाबा गल्लीच्या तोंडापासून निघाले. एकेका दारात थांबत, आत डोकावत, शेवटच्या घरापर्यंत गेले. मग त्यांचा हात तिच्या खांद्यावर आला.

"सगळी... आहेत," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तू... नीज."

"स्वयंपाक व्हायचाय, बाबा," ती म्हणाली, पण उठली नाही.