घोट्याच्या हाडावरची खूण

मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला, पुण्यात, मॅडमनी टेबलावर घोट्याचं एक हाड ठेवलं. पुढच्या कडेला लहानसा गुळगुळीत डाग होता. "हा माणूस जन्मभर उकिडवा बसत असणार," त्या म्हणाल्या. रोज तसं बसलं की नडगीचं हाड घोट्याच्या हाडावर टेकतं आणि तिथं अशी खूण पडते. मग त्यांनी विचारलं, "टाचा न उचलता उकिडवं कुणाला बसता येतं?"

एक-दोघं धडपडले, हशा झाला. मला येत होतं. बीबीत, आमच्या गावी, चुलीपुढे, आईच्या शेजारी तशीच बसून मी मोठी झाले होते. पण माझ्या 'मले-तुले'वर वर्ग आधीच हसून घ्यायचा, त्यात आता बसण्याचं प्रदर्शन कशाला? हात वर केला नाही. माझी आई अशीच बसते, एवढंही बोलले नाही. मोठी शहाणी मी!

नोकरी लागल्यावर आईसाठी पहिली वस्तू घेतली ती खुर्ची. आई दोन मिनिटं बसली आणि उठली.

"पाय लटकले की जीव लटकल्यावानी वाटते मले," म्हणाली, आणि खाली उकिडवी बसून तुरीच्या शेंगा सोलायला लागली. खुर्चीवर वाळवणाची परडी गेली, ती तिथंच राहिली. दर सुट्टीत मी त्यावरून कटकट करायची.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. तिसऱ्या दिवशी भाऊ राख सावडायला निघाला, तशी मीही निघाले. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत. आता मी कॉलेजात हाडंच शिकवते, आणि आईची ती खूण मला एकदा डोळ्यांनी बघायची होती.

भाऊ हाडं वेचून, धुऊन मडक्यात टाकत होता. बरीच तडकलेली, हातात घेताच चुरा होणारी. पायाच्या बाजूला मी उकरत राहिले. शेवटी अर्धं घोट्याचं हाड मिळालं. बोटानं राख पुसली. डाग होता.

"काय पाहून राह्यली वं?"

"मायचं बसणं हाय हे," मी म्हणाले.

त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. त्याला काही दिसलं नसावं. तरी ते त्यानं बाकीच्यांसारखं वरून टाकलं नाही, हात मडक्यात घालून ठेवलं.

उत्क्रांतीच्या पहिल्याच तासाला मी मुलांना सांगते, की आयुष्यभर राबून अंगात जे कमावलं, ते पोटच्या लेकरात उतरत नाही. ज्याला हवं त्यानं पुन्हा तसं जगावं. किती सहज सांगते मी हे! आई असती तर तिलाच वर्गात नेऊन बसवलं असतं आणि म्हटलं असतं, बघा, ही माझी आई. आता कुणाला नेऊ?

घरी येऊन आंघोळ केली. वहिनी चुलीवर चहा ठेवत होती. तिच्या शेजारी, आईच्या जागेवर, मी उकिडवी बसायला गेले. टाचा उचलल्या गेल्या आणि मी मागे कलंडले.

"ताई, तुमाले नाई जमायचं आता," वहिनी म्हणाली. तिनं परडी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे केली.

मी बसले. तीन दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं.