दोनच दुखतं

पोटाची गोष्ट आणि सांगणारा नकलाकार, म्हणजे तुम्ही आत्तापासूनच हसायच्या तयारीत असाल. हसा, थोडं आहे तसलं. शेवटी गोळी लागू पडते, मामा ठणठणीत होतो आणि गावाला जाऊन फणस खातो, असंही वाटत असेल. तर तसं होत नाही. आधीच सांगतोय, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

माझी शाळा कणकवलीची. शाळेत मी अभ्यासापेक्षा मास्तरांचे आवाज जास्त शिकलो. हेडमास्तरांचा खोकला, शिपायाचं नाक ओढणं, एसटीच्या कंडक्टरचं ‘पुढे सरका, पुढे जागा हाय’, सगळं तोंडपाठ. त्या भांडवलावर मुंबईत आलो आणि लोअर परळला कस्टमर केअरमध्ये चिकटलो. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या, संध्याकाळी त्यांचेच आवाज काढून ऑफिसला हसवायचं. राहायला लालबागच्या चाळीत, मामा-मामीकडे. तिसरा मजला.

मामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ. आणि मामाचं पोट म्हणजे आमच्या खोलीतला चौथा माणूस. बाहेर जायचं तर आधी त्याला विचारायचं. त्याचा मूड नसेल तर लग्न कॅन्सल, बारसं कॅन्सल. मामाला दादरहून गिरगावला कसं जायचं विचारा, तो शौचालयावरून शौचालयावर पत्ता सांगणार. “पहिलं मार्केटमागे, पाणी असतं. पुढचं बंद असतं, त्याच्या भरवशावर राहू नको.” मी ही नक्कल केली की अख्खी गॅलरी हसायची. मामा सगळ्यात जास्त.

बरं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. दुर्बीण घालून झाली, सोनोग्राफी झाली, रक्त तर बाटलीभर काढलं असेल. डॉक्टर म्हणायचे, आतडं चांगलं आहे, फक्त चिडकं आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे पेढे वाटतात. मामा मात्र रिपोर्ट उलटसुलट करून बघायचा. दुखतं तर आहे, आणि कागदावर काहीच नाही, मग दाखवायचं काय?

माझी आई गेली तेव्हा मामा आला नाही. अचानक गेली, हार्टने. मी ऑफिसमधूनच गावाकडे निघालो होतो. चितेपाशी सगळे मला विचारत होते, मामा खय? मी म्हणालो, येतोय. तेराव्यापर्यंत म्हणत राहिलो. सख्ख्या बहिणीला शेवटचं बघायला आला नाही, आणि कारण काय, तर पोट! मुंबईत परत आलो तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “जेवलास?” मी हो म्हटलं आणि तोंड फिरवलं.

तेव्हापासून मी मामाची नक्कल बंद केली. ठरवून नाही. ज्याचा राग येतो त्याची नक्कल मला जमतच नाही. आवाज निघतो, माणूस येत नाही.

मग परळच्या एका हॉस्पिटलातली ती डॉक्टर भेटली. तरुण, चष्मेवाली, मामाला काका म्हणणारी. तिथे चिडक्या आतड्याच्या दुखण्यावर एका गोळीची चाचणी चालू होती. गोळी नवीन नव्हती. वर्षानुवर्षं डिप्रेशनवर देतात तीच, पण अगदी कमी ताकदीची. “काका, पोट आणि मेंदू सतत एकमेकांशी बोलत असतात. तुमच्यात ते ओरडून बोलतात. ही गोळी आवाज कमी करते का, ते आम्हाला बघायचंय.” काही जणांना खरी गोळी, काही जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, पोकळ. कुणाला कुठली, ते तिलाही माहीत नाही. रात्री एकच घ्यायची, नाही भागलं तर ती विचारून वाढवणार.

घरी मामी म्हणाली, “अगो बाई, म्हणजे वेड्यांची गोळी?”

“मग? तुझ्याशी लग्न केलं तेव्हाच सुरू करायला हवी होती,” मामा म्हणाला आणि सही करून आला.

कशासाठी ते त्याने मामीला सांगितलं, मला नाही. मी गॅलरीत होतो, ऐकलं. “वर्षश्राद्धाला तरी जाऊ दे मला. एवढंच. मग हे पोट कायमचं बंद पडलं तरी चालेल.”

दर आठवड्याला डॉक्टरचा फोन यायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं, तर काका, किती दुखतं?

“दोन,” मामा म्हणायचा.

ती तिकडून खुश. “अरे वा! मग एकच चालू ठेवू.”

फोन ठेवला की मामा उठायचा, भिंतीला हात टेकायचा आणि बादली उचलून गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे निघायचा. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचो. दिसायचं मला सगळं. पण बोलणं होतं कुठे आमचं?

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं आणि नेमकी तेव्हाच मामाची हॉस्पिटलची तारीख आली. मामीचे गुडघे सुजलेले, म्हणून मला पाठवलं. डॉक्टरने समोर बसवून तोच प्रश्न विचारला.

“दोन,” मामा म्हणाला. वर हसला.

ती लिहायला लागली आणि सहज माझ्याकडे वळली. “घरी कसे असतात हो काका?”

मी तोंड उघडलं ते जोक मारायला. शप्पथ. पण जोक आलाच नाही, मामा आला. मी उभा राहिलो आणि सकाळचा मामा झालो. दात घासता घासता थांबलेला. ब्रश तोंडात तसाच, डावा हात भिंत शोधतोय, उजवी मूठ बरगडीखाली रुतलेली. शेजारचा विचारतो, काय म्हणता? मूठ न काढता मामा हसतो, “मस्त! एकदम मस्त!” डॉक्टर खुदकन हसली. मग मी हवेतच बादली उचलली. गॅलरीत तीन ठिकाणी थांबलो, प्रत्येक ठिकाणी कठड्यावरून खाली बघितल्यासारखं केलं, कुणाला कळू नये म्हणून. परत आलो, खुर्चीवर अर्धा टेकलो, श्वास नाकातून हळूहळू सोडला. आणि परत उठलो.

ती हसायची थांबली होती. मी मामाकडे बघितलं. तो माझ्या मुठीकडे बघत होता. आपण असे दिसतो, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “खरं सांगा. किती?”

“आठ. कधी नऊ.”

“मग दोन का सांगत होता? मी गोळी वाढवली असती ना. सुरुवातीलाच वाढवली असती.”

मामा चपलेकडे बघत म्हणाला, “तुझा अभ्यास आहे ना हा, पोरी. एवढी मेहनत करतेस. दोन म्हटलं की तुला बरं वाटायचं, फोनवर कळायचं. म्हटलं आपण कशाला नापास करायचं? गोळी तिचं काम करेलच.”

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कागदावरचं खोडलं, शेजारी नवीन आकडा लिहिला आणि गोळी वाढवली.

“पुढच्या आठवड्यात माझ्या बहिणीचं वर्षश्राद्ध आहे,” मामा म्हणाला. “गावाला. तोपर्यंत होईल?”

“नाही हो, काका. हिचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. आणि तुमची खरी आहे की पोकळ, तेही मला माहीत नाही.”

“बरं,” मामा म्हणाला. तिला नमस्कार केला, तिनेही केला.

आम्ही लालबागकडे चालत निघालो. पुलाखाली आल्यावर मामा थांबला, खांबाला डावा हात टेकला. मी पण थांबलो. मग तो सुरू झाला.

“मेल्या, तुका लाज नाय? त्या पोरीसमोर माझी बादली काढलीस?”

“मामा, अरे तू खोटं...”

“गप रव! मी खोटं बोललो, मी म्हातारा आहे. तू काय केलंस? आई गेली त्या दिवशी मी टॅक्सीत दोनदा बसलो. दोनदा! ह्या पुलाच्या पुढे नाही जाऊ शकलो. धोतर खराब करून घरी आलो. विचारलंस कधी? मला वाटलं, पोराला काय ठाऊक, राग धरलाय, धरू दे. आणि तुला सगळं ठाऊक! कुठला हात भिंतीला, कुठे थांबतो, कसा श्वास सोडतो! एवढं बघत होतास, तर वर्षभर तोंडाक काय कुलूप लावलेलंस?”