जावेच्या मोबाईलातली शेळी

चोरांनी गोठ्यातून नेमकी माझी शेळी नेली आणि शेजारी बांधलेल्या धाकट्या जावेच्या शेळ्यांना हातही लावला नाही, तेव्हा मला चोरांपेक्षा जावेचाच जास्त राग आला. तिच्या शेळ्यांना चोरही विचारीना, असं म्हणून पाहिलं. पण सकाळी ती दूध काढत होती आणि मी रिकाम्या खुंट्याकडे बघत होते. सगळ्या घरात माझी स्वतःची म्हणावी अशी ती एकच चीज होती.

पानशेतच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तक्रार दिल्यावर काही दिवसांनी निरोप आला, की शिवरेजवळ हायवेला चोरीच्या शेळ्यांचा टेम्पो धरलाय, आपली ओळखून न्या. जाऊ म्हणाली, मीपण येते. हिला एसटीतून फिरायला निमित्तच हवं, असं मनात म्हणत मी निघाले.

चौकीमागे शेळ्या बांधल्या होत्या. माझी मला लांबूनच दिसली, पांढऱ्या कानांची. मी हाक मारली, तर एकजात सगळ्या ओरडल्या. हवालदारांनी फोटो मागितला. माझ्याकडे कुठला? दुभत्या जनावराचा फोटो काढला की दृष्ट लागते, म्हणून मी कुणाला तिच्यासमोर मोबाईल धरू दिला नव्हता. उलट गळ्यात काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला होता, तोही मुख्यतः जावेच्या नजरेसाठी. हवालदार म्हणाले, काळे दोरे निम्म्या शेळ्यांच्या गळ्यात आहेत, पुराव्याशिवाय शेळी सोडता येत नाही. माझे डोळे भरून आले.

तेव्हा जावेनं आपला मोबाईल पुढं केला. त्यात माझी शेळी होती. तिच्या गळ्यात हात टाकून, नवी साडी नेसून, जाऊ उभी होती.

हवालदारांनी फोटो पाहिला, शेळी पाहिली आणि जावेला विचारलं, "म्हणजे ही तुमची?"

ती हो म्हणाली असती, तर मी काय दाखवणार होते?

"न्हाई, ताईंची हाय," ती खाली बघत म्हणाली. "म्या म्हायेरी धाडायला फोटू काढला व्हता. माझी म्हून सांगितलं त्यास्नी."

परतताना भाड्याच्या टेम्पोत आम्ही दोघी शेळीला धरून बसलो. दृष्ट कुणाची लागली ते आता कळलं होतं. ती माझ्यावर जळते, हे ऐकून मला गार वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. मग मी तो फोटो पुन्हा मागून घेतला. शेळी डोळे मिटून तिच्या अंगावर रेलली होती. माझ्याजवळ ती कधी अशी उभी राहिली नाही.